आंधळ्या कोळ्याचे नाव

एका कोळ्यासाठी रस्ता थांबवावा काय? प्रश्न वाचून बहुतेकांना हसू येईल. नाताळाच्या आधी घराची झाडलोट करताना आपण केरसुणीच्या एका फटकाऱ्यासरशी कोळ्याचा सारा प्रपंच खाली आणतो आणि त्याबद्दल रात्री कोणी पश्चात्तापाची प्रार्थना करीत नाही. परंतु हा प्रश्न आम्ही कल्पनेने रचलेला नाही. सन २०१२ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ या शहराच्या कडेला तो खरोखरीच उभा राहिला. दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात अशा ठिकाणी वाहनांची दाटी कमी व्हावी म्हणून एक रस्ता दुसऱ्याच्या खालून नेण्याचे काम चालू होते. काम सुमारे दीड कोटी डॉलरांचे. तेथे जमिनीत एक नैसर्गिक पोकळी उघडी पडली आणि तीत गव्हाच्या दाण्याएवढा, फिकट, डोळेच नसलेला एक कोळी सापडला. तो कोणता हे ठरताच यंत्रे थांबली. पुढे आराखडाच बदलला आणि खालून जायचा रस्ता पुलावरून नेण्याचे ठरले. वेळ गेला, खर्च वाढला, आणि वर्तमानपत्रांना थट्टेला विषय मिळाला.

थट्टा करणाऱ्यांचे आम्हांस नवल वाटत नाही. परंतु त्या बातमीच्या मागे जो प्रश्न आहे तो रस्त्याहून पुष्कळ जुना आहे. जे कोणाच्या दृष्टीस पडत नाही, कोणाच्या उपयोगाचे नाही, दिसायलाही सुंदर नाही, त्याला ओळखून त्याचे नाव ठेवण्याचा खटाटोप माणसाने का करावा? आणि एकदा नाव ठेवले की त्या नावापायी आपल्यावर काही देणे लागते काय? ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण पवित्र शास्त्रात माणसाला सोपवलेल्या अगदी पहिल्या कामांत नाव ठेवण्याचे काम आहे.

आधी त्या प्राण्याची ओळख करून घेऊ. सॅन अँटोनिओच्या बाजूला चुनखडीचा खडक पसरलेला आहे. पावसाचे पाणी मातीतले सौम्य आम्ल घेऊन खडकाच्या भेगांत उतरते आणि युगानुयुगे त्याला विरघळवीत राहते. त्यातून भोके, कपारी आणि गुहा होतात. काही गुहांत माणूस उभा राहू शकतो, पण बहुतेक फटी अशा की हातही जाणार नाही. आत बाराही महिने उष्णता जवळजवळ सारखीच, हवा ओलीचिंब, आणि काळोख पूर्ण. तेथे हिरवे पान उगवत नाही. म्हणून आतल्या जीवांचे अन्न सगळे वरून येते. पुरात वाहून आलेला पाचोळा, झाडांची मुळे, आणि मुख्यतः गुहेतले रातकिडे. हे किडे रात्री बाहेर जाऊन चरतात व पहाटे परत आत येतात. त्यांची विष्ठा, त्यांची अंडी, त्यांची मेलेली शरीरे यांवर आतला बारीक जीवजंतूंचा संसार चालतो आणि त्या जंतूंवर हा कोळी जगतो. वरचे रान साफ केले की रातकिडा उपाशी, आणि रातकिडा गेला की खालचा कोळी उपाशी. गुहेला हात न लावताही गुहा मारता येते, ती अशी.

अभ्यासक सांगतात की या कोळ्याचे पूर्वज वर पालापाचोळ्यात राहणारे डोळस कोळी होते. वरचे हवामान कोरडे होत गेले तसे ते ओलाव्याच्या मागे खाली गेले, आणि जेथे उजेडच नाही तेथे पिढ्यांमागून पिढ्या जाता डोळे नाहीसे झाले, रंग गेला, पाय मात्र लांब झाले, कारण आता पायांनीच पाहायचे. हे वाचून आमच्या काही बंधूंच्या कपाळाला आठी पडेल. त्या वादात येथे शिरत नाही. ज्याने त्याला घडवले त्याने किती वेळ घेतला यावर भांडताना, त्याने अंधारात राहणाऱ्यालाही वाट काढून दिली एवढे तरी दोन्ही पक्षांनी पाहावे.

हा कोळी पहिल्यांदा हाती लागला तो २२ नोव्हेंबर १९८० रोजी, त्याच परिसरातल्या ब्रॅकन बॅट केव्ह नावाच्या गुहेत. जॉर्ज व्हेनी या गुहांच्या अभ्यासकांनी तो गोळा केला. पण गोळा करणे म्हणजे ओळखणे नव्हे. तो स्पिरिटच्या कुपीत गेला, सोबत एक चिठ्ठी गेली, आणि नाव मिळायला बारा वर्षे लागली. नाव ठेवले ते विलिस गर्ट्श यांनी, १९९२ मध्ये. गर्ट्श हे न्यूयॉर्कच्या निसर्ग इतिहास संग्रहालयातले कोळ्यांचे जाणकार. ते १९६८ सालीच निवृत्त झाले होते. त्यांचा जन्म १९०६ चा, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या गुहांतील कोळ्यांवरचा तो मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांनी वयाची पंचाऐंशी वर्षे ओलांडली होती. आमच्या मंडळ्यांत साठी झाली की लोक पंचायतीचे काम सोडून प्रकृतीच्या गोष्टी बोलू लागतात, म्हणून हे सांगितले.

आता वर्णन करणे म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण या कामातच आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. नवी जात सापडली, असे वाटले की अभ्यासकाने प्रथम स्वतःवर संशय घ्यायचा असतो. ही आधी कोणी पाहिली नाही ना? त्यासाठी जुने सगळे ग्रंथ चाळायचे, संग्रहालयांतून नमुने मागवून शेजारी ठेवून पाहायचे. मग मोजमाप. शरीराची लांबी मिलिमीटरच्या शतांशापर्यंत, आठही पायांच्या एकेका सांध्यामधले अंतर, जबड्यावरचे दात, केस कोठे आहेत आणि कोठे नाहीत. या वंशातल्या आंधळ्या कोळ्यांत बाहेरून पाहता एकीत नि दुसरीत फरक कळतच नाही. फरक असतो तो पूर्ण वाढलेल्या मादीच्या जननेंद्रियाच्या आतल्या नळ्यांच्या वळणात. ते वळण पाहायचे तर मादीचे शरीर उकलावे लागते, तो कण स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो आणि दिसले ते हाताने काढावे लागते. नंतर एक नमुना मूळ नमुना म्हणून ठरवून संग्रहालयात कायमचा ठेवतात. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने त्या कुपीकडे जाऊन पडताळावे. शेवटी नाव. गर्ट्श यांनी या कोळ्याला ‘सिकुरिना व्हेनी’ म्हटले, म्हणजे सिकुरिना वंशातला, व्हेनी यांना सापडलेला. स्वतःचे नाव स्वतः शोधलेल्या प्राण्याला देण्याची चाल या शास्त्रात नाही. हा संकेत आम्हांस फार आवडला.

येथे एक खुलासा. वर आम्ही ‘जात’ हा शब्द वापरला तो प्राण्यांच्या जातीच्या अर्थाने. माणसांत ज्याला जात म्हणतात तिचे वर्णन आजवर कोणाला सूक्ष्मदर्शकाखाली करता आलेले नाही, कारण तेथे पाहण्यासारखे काहीच नाही. मनुष्यजात एकच. ज्यांना या देशात शेकडो वर्षे दुसऱ्यांनी ठेवलेली नावे डोक्यावर वाहावी लागली, त्यांच्या लेकरांनी आपल्या मंडळ्या भरलेल्या आहेत. नाव ठेवण्याने काय बिघडते हे त्यांना शिकवायला नको.

आपल्या भाषेत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचे अंतर आहे. पाळण्यात घालून नाव ठेवतात ते आपले म्हणून. चव्हाट्यावर नावे ठेवतात ती परके म्हणून. बिचाऱ्या कोळ्याला शास्त्रातसुद्धा बहुधा नावेच ठेवली गेली आहेत. ईयोबाच्या आठव्या अध्यायात देवाला विसरणाऱ्याच्या भरवशाला कोळ्याच्या घराची उपमा आहे, आणि यशयाच्या एकोणसाठाव्या अध्यायात दुष्टांच्या कामांना त्याच्या जाळ्याची. (नीतिसूत्रे ३०:२८ मध्ये जुन्या इंग्रजी भाषांतराने राजवाड्यात राहणारा कोळी दाखवला होता, पण पुढच्या भाषांतरांनी तेथे पाल आणली. तीही जागा गेली.) मात्र ईयोबाच्या पुस्तकातली ती उपमा बिल्ददाच्या तोंडची आहे, आणि शेवटी परमेश्वराने बिल्ददाला तू नीट बोलला नाहीस असेच सुनावले, हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

उत्पत्तीकडे येऊ. पहिल्या अध्यायात देव स्वतः काही नावे ठेवतो. दिवस, रात्र, आकाश, भूमी, समुद्र. एवढ्यावर तो थांबतो. एकाही प्राण्याचे नाव तो ठेवीत नाही. तारे मात्र त्याने आपल्याकडे ठेवले आहेत. एकशे सत्तेचाळिसावे स्तोत्र सांगते की तो ताऱ्यांना नावांनी हाक मारतो. दुसऱ्या अध्यायात तो प्राणी आदामापुढे आणतो, आणि हा त्यांना काय म्हणतो ते पाहत राहतो. निर्माता पाहत उभा आहे आणि निर्मिलेला बोलतो आहे, असे चित्र शास्त्रात फार वेळा येत नाही. आता हे केव्हाचे? पतनाच्या पूर्वीचे. त्या वेळी माणसाचे अन्न म्हणून झाडांची फळे व बीज देणारी वनस्पती नेमून दिलेली होती. म्हणजे आदामाने खायला म्हणून बकऱ्याचे नाव ठेवले नाही, विकायला म्हणून बैलाचे ठेवले नाही. उपयोगाच्या आधी नाव आले. आमच्या मते या उताऱ्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि उपदेशांत ती क्वचितच ऐकू येते. आपण प्रभुत्वाचे वचन पाठ करतो, आणि प्रभुत्व म्हणजे वापर असे धरून चालतो.

आणखी एक बारीक गोष्ट. ज्यांची नावे आदामाने ठेवली त्यांची यादी तेथे दिली आहे. गुरेढोरे, आकाशातले पक्षी, रानातले पशू. पहिल्या अध्यायात ज्यांचा वेगळा उल्लेख आहे ते सरपटणारे बारीक प्राणी या यादीत नाहीत. यावर कोणी सिद्धान्त उभारू नये. पण एदेनात सुरू झालेले ते काम एदेनात संपले नाही, असे म्हणायला हरकत नसावी. कोळ्यांपुरते बोलायचे तर शास्त्रशुद्ध नावांची सुरुवात १७५७ साली स्वीडनमधल्या कार्ल क्लर्क यांच्या ग्रंथापासून धरतात, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये जगातल्या नाव ठेवलेल्या कोळ्यांची संख्या पन्नास हजारांवर गेली. या यादीत पाळकांचाही हात आहे. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात ब्लॉक्सवर्थ नावाच्या खेड्यात ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज (१८२८–१९१७) हे पाळक होते. लग्ने, बाप्तिस्मे, दफनविधी हे सगळे करून त्यांनी नऊशेंवर कोळ्यांच्या जातींचे वर्णन केले. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी येथील अत्यंत विषारी कोळ्याचे शास्त्रीय नावही त्यांनीच, १८७७ मध्ये, ठेवलेले आहे. त्यांच्या मंडळीतल्या लोकांना आपले पाळकसाहेब कुप्यांत काय भरून ठेवतात याबद्दल काय वाटत असेल कोण जाणे.

आता आक्षेप. तो हलका नाही. रस्ता लोकांसाठी होता. दाटीत अडकणारे, दवाखान्यात वेळेवर न पोहोचणारे, रोज कामावर जाताना जीव मुठीत धरणारे, ही माणसे देवाच्या प्रतिरूपाची आहेत, कोळी नाही. प्रभूनेच सांगितले की माणूस पुष्कळ चिमण्यांहून अधिक मोलाचा आहे. मग कोळ्यासाठी माणसाला का ताटकळत ठेवावे? शिवाय आमच्या गल्लीत ज्यांचे नाव कोणी विचारीत नाही अशी माणसे आहेत, ती सोडून कोळ्याच्या नावाची चिंता?

या आक्षेपाला एक झटपट उत्तर हाताशी आहे, आणि ते आम्ही देणार नाही. ते उत्तर असे की, कोळी उपयोगाचा आहे. सॅन अँटोनिओ शहर ज्या पाण्यावर जगते ते याच चुनखडीच्या खडकातून खाली झिरपते. एडवर्ड्स जलधर म्हणून तो भूगर्भातला साठा प्रसिद्ध आहे. गुहा निरोगी तर पाणी निरोगी, कोळी जगला म्हणजे पाणी ठीक आहे, असे म्हणता येते, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु हे उत्तर देताच आपण मान्य करतो की उपयोग नसता तर मारायला हरकत नव्हती. मग उद्या ज्या म्हाताऱ्याचा घरात उपयोग उरला नाही त्याच्याविषयी काय म्हणायचे? जन्मतः अधू मुलाविषयी काय? उपयोगाचा काटा एकदा हातात घेतला की तो कोळ्यापाशी थांबत नाही. म्हणून आम्ही पाण्याची गोष्ट खरी असूनही बाजूला ठेवतो.

आक्षेपकाला आमचे म्हणणे इतकेच. माणूस चिमणीहून मोलाचा, हे प्रभूने सांगितले ते चिमणी कवडीमोल आहे हे सांगण्यासाठी नव्हे. मत्तयात एका पैशाला दोन चिमण्या आहेत, लूकात दोन पैशांना पाच. हिशेब केला तर चारच व्हायला हव्यात. पाचवी दुकानदाराने वर फुकट घातलेली. देवाला विसर पडत नाही तो तिचाही. माणसाचे मोल सांगताना प्रभूने त्या पाचवीच्या पाठीवर हात ठेवून सांगितले. तिला काढून टाकले तर वचनाचा पायाच जातो. आणि रस्ता? रस्ता झाला. पुलावरून झाला. कोळी की माणूस असा निवाडा त्या ठिकाणी करावाच लागला नाही. फक्त अधिक पैसा, अधिक विचार आणि अधिक सबुरी लागली. बहुतेक वेळा असेच असते. जेथे खरोखरीच एका माणसाचा जीव आणि एका कोळ्याची जात असा पेच पडेल, तेथे आम्ही माणसाच्या बाजूला उभे राहू आणि तरी त्याला विजय म्हणणार नाही. गल्लीतल्या निनावी माणसांविषयी म्हणाल तर, बेथानीला मरियेने तेल ओतले तेव्हा गरिबांची आठवण ज्याने काढली तो गरिबांचा कैवारी नव्हता, हे योहानाने नोंदवून ठेवले आहे. प्रत्येक आक्षेपक यहूदा असतो असे नव्हे. पण गरिबांचे नाव पुढे करणाऱ्याने त्यांतल्या चौघांची नावे तरी सांगावीत, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

याहून अवघड गोष्ट दुसरी आहे. रस्त्यावर सापडलेला तो कोळी कोणता हे ठरवायला त्याचे शरीर उकलावे लागले. म्हणजे ज्याला वाचवण्यासाठी काम थांबले तो स्वतः वाचला नाही. जातीचे नाव निश्चित झाले आणि ज्याच्यावरून झाले तो जीव गेला. ओळख करून घ्यायची तर मारल्यावाचून होत नाही, ही केवढी विचित्र अवस्था! एदेनात आदामापुढे प्राणी चालत आले, नाव घेऊन चालत गेले. आपल्याकडे ते कुपीत येतात. पतनानंतरचे नाव ठेवणे असेच होणार काय?

आम्ही या बाबतीत पुष्कळ विचार केला. रविवारी उपासनेहून येऊन मटणाच्या रश्शावर ताव मारणाऱ्यांनी शास्त्रज्ञाला निर्दय म्हणावे हे शोभत नाही, म्हणून तो शब्द आम्ही वापरीत नाही. एकीच्या बळीने तिची सगळी जात राखली जाते, शिवाय ती एक मादी फुकट जात नाही, तिची कुपी, तिची चिठ्ठी, तिचे चित्र पुढच्यांसाठी जपले जाते, ही बाजू खरी आहे. तरीही आवश्यक ते निर्दोषच असते असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या करारात वेदीवर आणलेल्या पशूच्या डोक्यावर आणणाऱ्याने हात ठेवायचा असे. दुसरा कोणी मरतो आहे हे त्याच्या हाताला कळावे, अशी ती व्यवस्था होती. प्रयोगशाळेत तसा विधी नाही. पण चांगल्या अभ्यासकाची काटकसर, लागेल तेवढेच घेणे, घेतलेले सारे नोंदवणे, हा त्याचा हात ठेवण्याचाच प्रकार आहे असे आम्हांस वाटते. अलीकडे पेशींतल्या अनुवंशाच्या रचनेवरून अर्धवट वाढलेल्या पिल्लांचीही ओळख पटवता येते, तेव्हा मोठी मादी मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा शोध घेण्याची गरज थोडी कमी झाली आहे.

याच रचनेच्या तपासातून २०१८ मध्ये एक गोष्ट पुढे आली, आणि थट्टा करणाऱ्यांना ती कळली असती तर त्यांनी पुन्हा एकदा हात धुऊन घेतले असते. गर्ट्श यांनी १९९२ च्या त्याच ग्रंथात त्याच परिसरातल्या दुसऱ्या एका आंधळ्या कोळ्याचे ‘सिकुरिना मॅडला’ असे नाव ठेवले होते, मॅडलाची गुहा म्हणून जी आहे तिच्यावरून. नव्या अभ्यासकांनी दोघांची तुलना केली आणि निष्कर्ष काढला की व्हेनी आणि मॅडला या दोन जाती नाहीतच, एकच आहे. त्यांनी मॅडला हे नाव ठेवले आणि व्हेनी हे नाव मागे घेतले. म्हणजे ज्या नावासाठी रस्ता थांबला, ते नावच आता उरले नाही!

मग सगळे व्यर्थ गेले काय? कायद्याच्या दृष्टीने पाहिले तरी नाही, कारण डिसेंबर २००० मध्ये त्या जिल्ह्यातले जे नऊ बारीक गुहावासी जीव संरक्षणाखाली घेतले गेले त्यांत ही दोन्ही नावे होती. पण कायद्याची गोष्ट सोडा. आपल्या मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात कितीदा नाव चुकीचे लिहिले जाते. एकाच मुलीची नोंद दोन ठिकाणी दोन नावांनी होते, आणि शाळेच्या दाखल्याच्या वेळी पाळकसाहेबांना शाई काढून दुरुस्ती करावी लागते. दुरुस्ती होते ती नोंदीत. मुलीवर जे पाणी शिंपडले ते काही परत घ्यावे लागत नाही. त्या पोकळीतल्या कोळ्यावर जे लक्ष दिले गेले ते त्या जिवावर दिले गेले होते. नाव चुकले असले तरी जीव तोच होता. उलट आम्हांस त्या शास्त्राबद्दल आदर वाटला तो या २०१८ च्या दुरुस्तीमुळे. ज्या गर्ट्श यांच्याविषयी सगळ्यांना आदर, त्यांचे नाव मागे घेताना कोणी त्यांची निंदा केली नाही, आणि ते मोठे म्हणून चूक झाकलीही नाही. कुपी होती, चिठ्ठी होती, चित्र होते. पडताळून पाहिले आणि बदलले. आमच्या मंडळ्यांत एखाद्या कमिटीचा ठराव चुकला हे कबूल व्हायला एवढी वर्षेही पुरत नाहीत.

ब्रॅकन बॅट केव्हचे मात्र वाईट झाले. ती खाजगी जमिनीवर. १९९० मध्ये घर बांधताना तिचे तोंड भरून टाकण्यात आले. गर्ट्श यांचा ग्रंथ निघाला तो त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे नाव पडले तेव्हा घराचे दार बंद झालेले होते. त्यामागे कोणाचा दुष्टपणा असेल असे आम्ही मानीत नाही. ज्याला नाव नाही ते असे सहज बुजवले जाते.

बेळगावकडच्या वाचकांना यासाठी टेक्सासला जाण्याचे कारण नाही. खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ, भीमगडच्या रानात, बारापेडेची गुहा आहे. १९१२ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या पाहणीत तेथे एक मोठ्या कानांचे वटवाघूळ मिळाले, आणि १९१३ मध्ये लंडनच्या संग्रहालयातले ओल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे वर्णन केले. मुंबई इलाख्यात वनाधिकारी असलेल्या रॉटन साहेबांचे नाव त्याला दिले. पुढे कित्येक दशके हे वटवाघूळ साऱ्या पृथ्वीवर त्या एका गुहेतूनच माहीत होते. नंतर कंबोडियात आणि मेघालयातही ते आढळले. डिसेंबर २०११ मध्ये भीमगडचे रान अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्या वाटेने गेलेले पुष्कळ असतील. गुहेत राहणाऱ्याचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. मुले विचारतात, देवाने कोळी कशाला केला? आपण घाईने उत्तर देतो की डास खायला. एखाद्या रविवारी हे उत्तर न देता ईयोबाचा अडतिसावा अध्याय वाचून दाखवावा. तेथे परमेश्वर विचारतो की जेथे माणूसच नाही अशा रानात पाऊस कोण पाडतो. त्या पावसाचा उपयोग कोणाला, हे तेथे सांगितलेले नाही. मुलांना तो अध्याय आपल्याहून लवकर समजतो असा आमचा अनुभव आहे. मग वर्गाच्या भिंतीवरचा कोळी त्यांना जवळून पाहू द्यावा. पाय मोजायला सांगावेत, डोळे मोजायला सांगावेत. भिंगातून पाहिले तर बहुतेकांना आठ डोळे सापडतील. हजेरी घेताना आपण एकेकाचे नाव उच्चारून मान वर करून पाहतो, तितक्याच लक्षपूर्वक.

२०१८ च्या त्या तपासात आणखी एक गोष्ट आढळली होती. सॅन अँटोनिओच्या परिसरात असे काही आंधळे कोळी आहेत की जे आतापर्यंत नाव ठेवलेल्या कोणत्याच जातीशी जुळत नाहीत. पण निश्चित सांगायला पूर्ण वाढलेले नमुने हवेत, आणि तेवढे मिळालेले नव्हते. म्हणून अभ्यासकांनी त्यांना नावे दिली नाहीत. नव्या जाती असाव्यात, पडताळायला हव्यात, एवढेच लिहून त्यांनी ती जागा मोकळी ठेवली.